उरलेल्या टेपवरची सनई

नव्वदच्या दशकात नाशिक रोडला, एकलहऱ्याची बस जिथे थांबायची तिथे, कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. एक काकू ते चालवायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. त्या लसूण सोलत बसायच्या आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधी हात पदराला पुसायच्या.

हेवी मेटलचा एक गाजलेला अल्बम मी त्यांच्याकडून कोऱ्या कॅसेटवर भरून घेतला. घरी ऐकताना शेवटचं गाणं संपलं, गिटारचा कल्लोळ थांबला आणि एकदम सनई सुरू झाली! मी तणतणत दुकानात गेलो.

"काकू, यात सनई कशाला घातली?"

"अरे, शेवटी टेप उरली होती," त्या म्हणाल्या. "शेजारणीची वाटी आपण रिकामी परत पाठवतो का? तुझं ते धडामधुडुम मला काही कळलं नाही, पण सगळं ऐकलं हो. मग माझ्याकडे जे चांगलं होतं, ते घातलं."

मी कॅसेट खिशात घालून घरी परतलो.

पुढे तोच अल्बम मी सीडीवर घेतला. मग आवाज सुधारलेली आवृत्ती निघाली, मग जादा गाण्यांची, मग खास खोक्यातली. सगळ्या घेतल्या. बायको म्हणते, "सगळ्यांत तेच तर आहे!" तेच कुठे? सनई एकीतही नाही.

दुकान कधीच बंद झालं. परवा भाच्याने तो अल्बम सीडीवर भरून मागितला. गाणी संपली तरी सीडीवर थोडी जागा उरली होती. मी हात शर्टाला पुसले आणि सनई शोधायला लागलो.