पत्र्याचा फर्मा
सागाच्या ताज्या भुशाचा वास आला की मला हिर्डोशीच्या शाळेचं छप्पर आठवतं. तेव्हा मी भोरच्या एका कंत्राटदाराकडे नकाशे काढायला नुकताच लागलो होतो. शाळेची खोली वीतभर रुंद करायचं ठरलं, म्हणून मी छपराच्या कैचीचा, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणाचा, नकाशा दुरुस्त केला. पण भोरला कापलेली कैची तिथं चढवली, तर वीतभर आखूड. दुसरी कापून नेली, तीही तेवढीच आखूड. मी भिंती मोजल्या, नकाशा तपासला, टेप बदलली. सगळं बरोबर, आणि चूक काही सापडेना, नुसता वैताग. भोरला परतल्यावर मालक म्हणाले, “मिस्त्री, डोळ्यांत भुसा गेलाय का?” कैची कापणारे पन्नाशीचे मिस्त्री म्हणाले, “न्हाई मालक. फर्म्याच्या भायेर म्या सूतभर बी गेलो न्हाई.” तेव्हा कुठं माझं लक्ष त्या पत्र्याच्या फर्म्याकडे गेलं. लाकूड त्यावरूनच आखायचं, आणि तो मीच जुन्या नकाशावरून कापून दिला होता. नकाशा बदलला, फर्मा तसाच राहिला. नोकरी जाईल या भीतीनं मी जेवणाच्या सुट्टीत गुपचूप नवा फर्मा कापून जुन्याच्या जागी टांगला. पुढची कैची चपखल बसली. “बघा, लक्ष दिलं की जमतंय,” मालक हसले. मिस्त्री हसले नाहीत. “व्हय, माजीच नजर गेली आसंल,” एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते प्रत्येक खूण मला दाखवून मगच करवत लावायचे, आणि मी गंभीरपणे मान हलवायचो. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा आहे, म्हणून लिहून टाकतो: त्यांची नजर शाबूत होती.