कव्हर, भिंग आणि गॉगल

माझ्या बाबांनी नोकरीभर सरकारी गोदाम सांभाळलं. पाटबंधारे खात्यात स्टोअरकीपर होते. वस्तू वापरली की संपते, हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि ते त्यांनी पगारासोबत घरीही आणलं. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घरात उघडी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आईचं तोंड. बाकी रेडिओला झालर, मिक्सरला टोपी आणि सोफ्यावर दुकानातून आला तेव्हाचंच प्लास्टिक. मे महिन्यात त्या सोफ्यावर बसलं की उठताना कातडं मागे राहतं की काय असं वाटायचं. पाहुण्यांना आम्ही मुकाट्याने लोखंडी खुर्ची द्यायचो. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक किंवा लेबल काढणं हा आमच्याकडे गुन्हा होता, आणि लहानपणी घड्याळावरचा एक स्टिकर काढल्याबद्दल मी अख्खा रविवार बोलणी खाल्ली होती.

त्यामुळे हातात धरून खेळायच्या गेमला वरून जोडायची कव्हरं-भिंगं घ्यावीत की नाही, यावर बोलायचा अधिकार माझ्याइतका फार थोड्यांना असेल. आम्ही ती सगळी घेतली.

थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे जिजाजी, मस्कतला नोकरीला होते. दर दोन वर्षांनी ते यायचे, बॅग उघडायचे, आणि शेजारपाजारचे नेमके तेव्हाच 'सहज' चहाला यायचे. गल्लीत रंगीत टीव्ही नुकते आले होते त्या वर्षी जिजाजींच्या बॅगेतून माझ्यासाठी निघाला हातात धरून खेळायचा गेम, आणि बाबांसाठी काळा गॉगल. साधा नाही, उन्हाची चकाकी कापणारा. डाव्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात सोनेरी लेबल होतं. बाबांनी गॉगल लेबलासकट डबीत, डबी पिशवीत आणि पिशवी कपाटात ठेवून दिली.

गेम तळहाताएवढा. राखाडी पडदा आणि दोन बटणं. वर झाडावर माकड, ते फळं टाकायचं. खाली टोपलीवाला माणूस, त्याला डावीकडे-उजवीकडे पळवून ती झेलायची. तीन पडली की खेळ खलास. पडद्याला रंग नव्हताच, त्यामुळे फळं कसली ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. नागपुरात ती संत्री ठरली. दोनशे झेलली की धून वाजते, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. जिजाजींनी ती धून ऐकली होती, आणि जेवताना तसं दोनदा सांगितलं. बाबांनी दोन्ही वेळा वरण मागितलं.

मी एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.ला. घोडी झाली तरी खेळते, म्हणून आईने नाक मुरडलं. बाबांनी वेगळ्या कारणाने गेम जप्त केला.

"आधी कव्हर शिवून आणतो. मंग खेळ."

कव्हर शिवलं सीताबर्डीवरच्या स्कूटरच्या सीटा शिवणाऱ्याने. हिरवं रेक्झिन, दोन टिचबटणं आणि पडद्यापुरती जाड प्लास्टिकची खिडकी. काम असं मजबूत, की त्या कव्हरात गेमवर बसून कामठीपर्यंत जाता आलं असतं. फक्त खेळता येत नव्हतं, कारण गेमची बटणं रेक्झिनच्या आत गेली होती. बाबा परत गेले आणि दोन भोकं पाडून आणली. भोकं अर्धा इंच खाली पडली. तिसऱ्या खेपेला कारागीर वैतागून म्हणाला, "काकाजी, ये चीज है क्या?" बाबांनी त्याला नीट समजावून सांगितलं. तो त्यांच्याकडे बघत राहिला. पण भोकं बरोबर पडली.

मग गळ्यात अडकवायला गोफ आला. मग आपल्याच गोदामातल्या सुताराकडून लाकडी स्टँड आला. हातात धरायच्या वस्तूला स्टँड कशाला, हे मी विचारलं. "हात दुखले तं?" बाबा म्हणाले. स्टँडवर पुढे आईने लाटणं ठेवायला सुरुवात केली आणि त्याचं भलं झालं.

एका गोष्टीचं श्रेय मात्र द्यायला हवं. आतले बटन सेल संपले, आणि ते नागपुरात कुठे मिळेनात. बाबांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून बाहेरून एक डबी जोडून घेतली, दोन साध्या पेन्सिल सेलची. गेममधून वायर निघायची आणि डबीत जायची, सलाइन लावलेल्या पेशंटसारखी. दिसायला भिकार, पण चालायचं झकास.

इतकं झाल्यावर गेम मला मिळाला. माझे ऐंशीच्या पुढे कधी गेले नाहीत, आणि महिन्याभरात मी कंटाळले. तरीही पेन्सिल सेल संपत होते. मी आईवर संशय घेतला. आईने माझ्यावर घेतला.

एप्रिलमधल्या एका दुपारी वीज गेली. आमचा कूलर ट्रॅक्टरसारखा आवाज करायचा, तो बंद पडला आणि घरात एकदम शांतता झाली. त्या शांततेत पुढच्या खोलीतून टिक, टिक, टिक ऐकू आलं. मी आणि आई दारात जाऊन उभ्या राहिलो. बाबा सोफ्यावर, बनियनवर, गळ्यात हिरवं रेक्झिन अडकवून, जीभ दातात धरून संत्री झेलत होते.

"काय करून राहिले हे?" आई म्हणाली.

"चेक करून राहिलो," बाबा म्हणाले. "बंद ठेवलं का मशीन खराब होते." आणि मान वर न करता, "एकशे एकाहत्तर झाले. बोलू नोका."

त्यानंतर लपवाछपवी संपली. ऑफिसातून आले की पाय धुवायचे आणि संत्री झेलायचे. जिजाजी या खेपेला वर्षभरातच, दिवाळीला, पुन्हा येणार होते. त्याआधी दोनशेची धून वाजवायची, एवढंच बाबांना हवं होतं. मस्कतहून पत्र आलं की ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि गेम काढून बसायचे.

मे महिन्यात त्यांचा हर्निया इतका दुखायला लागला की डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती केलं. आमच्या घरात तोवर कोणाचं पोट कापलं गेलं नव्हतं. बाबांनी भीतीचं नाव काढलं नाही, पण घरातल्या सगळ्या चाव्या आईला दाखवल्या, मग मला दाखवल्या, मग पुन्हा आईला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "सायंकाळी येशीन तं तो गेम घेऊन ये." आणखी काही मागितलं नाही.

मला वाटलं, काहीतरी करावं त्यांच्यासाठी. सीताबर्डीच्या फुटपाथवर चौकटीतलं भिंग मिळत होतं, पडद्यावर बसवायचं. संत्री मोठी दिसतील, बाबा दोनशे करतील, आणि मग ऑपरेशनच्या टेबलावर जरा बऱ्या मनाने झोपतील, असा माझा हिशेब. दुपारी डोक्याला ओढणी गुंडाळली, लू लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला आणि ऊन फार म्हणून कपाटातला बाबांचा गॉगलही उचलला. लेबलाला हात लावायची छाती नव्हती. डोळ्यापुढे सोनेरी ठिपका घेऊन सायकल मारली.

भिंग घेतलं आणि शेजारच्या घड्याळवाल्याकडे गेमवर बसवायला दिलं. गॉगल काढून पर्समध्ये ठेवला. घड्याळवाल्याने कव्हर सोडवलं आणि पडद्यावरची प्लास्टिकची काच उचलली. आत पडद्याला चिकटलेली एक पातळ फिल्म दिसली. तिचा कोपरा जरा सुटला होता.

"ये निकालनी है?" त्याने विचारलं आणि लगेच स्वतःच म्हणाला, "पता नहीं, रहने दो."

मला तो कोपरा दिसत होता. एकोणीस वर्षांचा सोफा, मिक्सर, घड्याळ, सगळं माझ्या बोटात आलं. मी म्हटलं, मी काढते. नखात धरली आणि सर्रकन ओढली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्याने गेम चालू केला. टिक टिक ऐकू येत होतं. पडदा कोरा होता. माकड नाही, माणूस नाही, संत्री नाहीत, नुसता चकचकीत राखाडी चौकोन. फिल्म परत लावायला गेले तर ती वळली, फाटली, आणि अर्धी गरम वाऱ्याने नेली. घड्याळवाल्याने भिंग बसवून दिलं. मोठ्या केलेल्या कोऱ्या पडद्याकडे पाहून म्हणाला, "डिस्प्ले गया, दीदी."

अख्ख्या घरात एकच प्लास्टिक कामाचं होतं, आणि मी तेच काढलं होतं. बाबा आयुष्यात पहिल्यांदा बरोबर ठरले, तेही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. मी रस्ताभर रडले. गॉगलमुळे कोणाला दिसलं नाही, एवढाच त्याचा तेव्हा उपयोग.

दवाखान्याच्या फाटकात कडुनिंब होता. आत जाऊन काय सांगायचं ते सुचेना, म्हणून त्याच्याखाली थांबले आणि गेम काढून, कशाला कोण जाणे, चालू केला. झाडावर माकड होतं.

मी गॉगल वर केला. माकड गेलं. खाली केला. आलं. मान जरा तिरपी केली तर एकदम स्वच्छ. टोपलीवाला माणूस, संत्री, सगळे जागच्या जागी. पुढे आमच्या फिजिक्सच्या सरांनी समजावलं, की तसल्या फिल्मशिवाय तो पडदा डोळ्यांना दिसत नाही, आणि त्या गॉगलची काचही त्याच जातीची असते. तेव्हा मला काही समजलं नाही. मी पायऱ्या दोन दोन चढले.

बाबा खाटेवर सरळ पडून छताकडे पाहत होते. मी सगळं सांगितलं. फिल्म, नख, वारा, सगळं.

"काहून काढलं वं?"

"प्लास्टिक होतं म्हणून."

त्यांच्या गालाचा कोपरा हलला. राग होता की हसू, ते मला आजही सांगता येणार नाही. मी गॉगल त्यांच्या डोळ्यांवर ठेवला आणि मान तिरपी करायला सांगितलं. ते म्हणाले, "हाय ना वं लेकाचं!" आणि उठून बसले.

वॉर्डात दिवा पिवळा, खाटेवर पट्टेरी पायजमा, डोळ्यांवर काळा गॉगल, मान कावळ्यासारखी वाकडी. शेजारच्या खाटेवर कन्हानचे खाणीतले एक काका होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "यायचं ऑपरेशन डोयाचं हाय का?"

बाबांचे नव्वद झाले आणि डाव्या बाजूचं तिसरं संत्रं पडलं. पुन्हा सुरू केलं, साठला पुन्हा डावीकडचंच तिसरं. "हे लेबल मधात येते," ते म्हणाले. गॉगल काढला आणि थोडा वेळ तसाच हातात धरला. मग माझ्या डोळ्यांदेखत नखाने ते सोनेरी लेबल सोडवायला घेतलं, हळूहळू, कोपरा न फाटू देता. माझ्या अंगठ्यावर चिकटवलं.

"सांभाळ. परत आलो का लावू."

तो 'परत आलो का' ऐकून मी अंगठा मुठीत धरला. इतका वेळ मी फक्त गेमला भ्याले होते.

ते खेळत राहिले. एकशे पन्नास. एकशे ऐंशी. कन्हानचे काका कोपरावर उठून मोजायला लागले. एकशे सत्याण्णवला नर्स एनिमाचं सामान घेऊन आली आणि म्हणाली, "काका, चला." बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात टोपलीच्या बाजूने ओळीने तीन संत्री पडली.

सकाळी त्यांना आत नेलं. तास दीड तास म्हणाले होते, अडीच झाले. आई जप करत होती, मी बाकावर बसून होते. एकदाचं दार उघडलं.

दुपारी बाबांनी डोळे अर्धवट उघडले. जीभ जड होती.

"लेबल?"

मी मूठ उघडली. लेबल नव्हतं. त्या अडीच तासांत मी त्याची मुगाएवढी गोळी करून टाकली होती, आणि मला पत्ताही नव्हता.

"बाबा, चुरगळलं," मी म्हटलं आणि आता मात्र सगळ्यांदेखत रडले.

त्यांनी ती गोळी पाहिली. मग मला पाहिलं.

"जाऊ दे ना वं. आता काय लेबल लावून फिरतो काय मी?" डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "किती झाले होते माह्ये?"

"एकशे सत्याण्णव."

"मंग तं पहिल्यापासून लागन," बाबा म्हणाले. चादरीवर त्यांचे दोन्ही अंगठे हलत होते, डावा, उजवा, डावा.