बॉलला लागलं की हाताला

फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या कोल्हापुरात बास्केटबॉलच्या पंचाला कोण विचारतं? तरी इरावतीबाईंना रस्त्यात माणसं ओळखायची. भाजी घेताना एखादा आडदांड तरुण समोर येऊन म्हणायचा, "बाई, तुम्ही मला फाउलवर बाहेर घालवलेलं. आठवतंय काय?" बाईंना आठवत नसे. त्या म्हणायच्या, "मग केले असशील की फाउल!" गडी खूश होऊन जायचा.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उभ्या राहायच्या. नवरा उन्मेष विम्याच्या कचेरीत. तो स्कोअरच्या टेबलावर बसून घड्याळ सांभाळायचा. तरुणपणी दोघंही खेळायचे, आणि लग्न मैदानानंच जमवलं असं सासरचे म्हणायचे.

बाईंचं नाव झालं होतं ते ब्लॉकच्या शिट्टीमुळं. रिंगखाली एक खेळाडू बॉल टाकायला झेप घेतो, दुसरा त्याच्यासमोर उडी मारून तो अडवतो. पंजा बॉलवर बसला तर ब्लॉक, मनगटावर बसला तर फाउल. सगळं पापणी लवायच्या आत होतं. अर्धं मैदान एक ओरडतं, अर्धं दुसरं. बाईंचा निकाल मात्र सहसा चुकायचा नाही, आणि त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या आवाजावर जायच्या. तळवा बॉलवर बसला की भरीव 'धप्प' येतो. कातडीवर बसला की 'चट्ट'.

गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि त्यांचा डावा कान जवळजवळ गेला. डॉक्टरांनी यंत्र दिलं. वर्गात त्याचा उपयोग व्हायचा. मैदानावर मात्र आरडाओरडा, बुटांची करकर, टाळ्या सगळं एकात एक कालवून जायचं. बाई यंत्र काढून पिशवीत ठेवायच्या. मैदानावर आता ऐकू येत नाही, हे त्यांनी उन्मेषलासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं तर शिट्टी सोडावी लागेल, ही धास्ती.

कसबा बावड्यातल्या एका सामन्यात ते उघडं पडलं. कोडोलीच्या मुलींच्या संघात राजनंदिनी नावाची उंच, सडपातळ पोरगी होती. पहाटे म्हशींच्या धारा काढून एसटीनं खेळायला यायची. समोरच्या मुलीनं बॉल वर नेला, राजनंदिनीनं उडी मारली, बॉल खाली आला आणि बॉल टाकणारी मुलगी आपटली. बाईंना कसलाच आवाज धड आला नाही. पडलेली मुलगी तेवढी दिसली. त्यांनी शिट्टी मारली. फाउल.

सामना संपल्यावर राजनंदिनी त्यांच्यापाशी आली. भांडायला नव्हे. घामानं चिकटलेले केस मागं सारत म्हणाली, "बाई, रागावू नगा. माझा हात कुठं लागला तेवढं सांगा की. पुढच्या टायमाला मी ध्यान ठेवतो."

मनगटाला, असं बाईंना ठोकून देता आलं असतं. पोरगी तेही मान खाली घालून ऐकून घेणार होती. म्हणूनच त्यांना ते जमलं नाही.

"मला दिसलं नाही, बाळ," त्या म्हणाल्या. "न बघताच मारली मी शिट्टी."

राजनंदिनी गोंधळली. "असू दे की बाई," म्हणून उलट तिनंच त्यांच्या हाताला हात लावला.

घरी येऊन बाईंनी शिट्टी देवळीत ठेवली आणि उन्मेषला सगळं सांगितलं. तो कुकर लावत होता.

"कानाचं मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी टेबलावरून हाका मारायचो, तू वळायची नाहीस. म्हटलं, तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगशील."

"आता सांगून काय? संपलं माझं."

"इरा, तू ऐकायचीस म्हणून कधी नीट बघावंच लागलं नाही तुला. रविवारी चल शाळेच्या मैदानावर. बघूया तरी."

रविवारी त्यानं जुनी चड्डी चढवली. पोट तिच्यात मावेना. समोर अडवायला राजनंदिनी. त्यानंच तिला फोन करून विचारलं होतं आणि ती "येतो की" म्हणाली होती. उन्मेष बॉल टाकायचा, ती अडवायची, बाई निकाल द्यायच्या. पहिल्या दिवशी निम्मे निकाल चुकले. अडवणाऱ्या मुलीच्या पाठीमागं उभं राहिलं की प्रत्येक पंजा मनगटावरच बसल्यासारखा वाटायचा. मग बाई सरकत सरकत बाजूला गेल्या. तिथून दोघांच्या अंगांमधली फट दिसायची, वर उजेडात हात आणि बॉल वेगळे दिसायचे. उन्मेष मुद्दाम आई गं म्हणून लोळण घ्यायचा.

"हात लागला नाही, उगाच पडलाय तुम्ही," बाई म्हणाल्या. "उठा."

"अगं, खरंच गुडघा गेला!"

राजनंदिनी हसून हसून खाली बसली.

पावसाळा सरेपर्यंत असे बरेच रविवार गेले. मग बाईंनी पुन्हा सामने घेतले आणि कोडोलीचा अटीतटीचा सामना त्यांच्याच वाट्याला आला. शेवटची काही सेकंदं उरलेली, कोडोली एका गुणानं पुढं. समोरची मुलगी झेपावली. राजनंदिनी उडाली आणि तिचा पंजा अगदी स्वच्छ, नुसत्या बॉलवर बसला. कोडोलीची माणसं उभी राहून नाचायला लागली. पण बाई बाजूला होत्या आणि त्यांची नजर वरच्या हातावरून खालीही गेली होती. उडी सरळ नव्हती. राजनंदिनीची कंबर त्या मुलीच्या पोटावर आदळली होती.

शिट्टी वाजली.

"काय ओ बाई, डोळं गहाण ठेवलासा काय? बॉललाच लागलंय की!" कुणीतरी ओरडलं.

राजनंदिनी वळून बघत राहिली. बाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवून अंगानं धक्का दिल्याची खूण केली. मग फाउल आपला हे दाखवायला तिनं नियमाप्रमाणं हात वर केला. समोरच्या मुलीला मिळालेले दोन्ही फ्री थ्रो आत गेले आणि कोडोली हरली. निघताना राजनंदिनी टॉवेल तोंडावर घेऊन गाडीत बसली.

"शिट्टी बरोबर होती," परतताना उन्मेष म्हणाला.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत गाडीवर त्याच्या पाठीला डोकं टेकून राहिल्या.

रविवारी त्या मैदानावर गेल्या त्या नुसती सवय म्हणून. ती येईल असं काही वाटत नव्हतं. उन्मेष बॉलमध्ये हवा भरत बसला. बराच वेळ गेला. मग फाटकातून राजनंदिनी आली, हातात दुधाची किटली.

"आईनं खरवस दिलाय," ती म्हणाली. किटली बाईंच्या हातात दिली, पण नजर खालीच. "दोन दिवस लई राग आलता तुमचा. मग कुणीतरी काढलेला व्हिडिओ बघितला. कंबर लागलीया."

"हो गं. पण हात सुरेख होता तुझा."

तिनं मान वर केली. "मग सरळ उडी कशी मारायची ते दावा की."

बाईंनी किटली बाकावर ठेवली, पदर खोचला आणि रिंगखाली जाऊन स्वतःच उडी मारली. फार उंच गेली नाही, पण सरळ गेली.