अक्कांच्या घरातलं पोलीसठाणं

आमच्या घरमालकीण अक्कांइतकं भांडखोर माणूस अख्ख्या एचएसआर लेआउटमध्ये दुसरं नाही, आणि असलंच तर ते त्यांच्याच घरात आहे. अक्का पोलिसातून निवृत्त, त्यांचे यजमान अण्णा पोलीस जीप चालवून निवृत्त, आणि मुलगी सुजाता सब-इन्स्पेक्टर. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे कानडी मुलखात आलो तेव्हा भाड्याचं बोलणं राहिलं बाजूला, अक्कांनी आधी माझी जबानी घेतली. दूधवाल्याला उशीर झाला तर तो कुठे होता आणि साक्षीला कोण, हे त्याला सांगावं लागे. सांबारात मीठ जास्त पडलं की तिघं एकमेकांची उलटतपासणी घेत आणि वरच्या मजल्यावर मला निकालासकट सगळं ऐकू येई.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्याचा त्याच्या दुकानातच खून झाला. या तिघांचेही खाकी गणवेश त्यानंच शिवलेले. तपास सुजाताकडे आला, म्हणजे अख्ख्या घराकडे आला. तिचा संशय शिंप्याच्या पुतण्यावर, अक्कांचा दुकानातल्या भागीदारावर. "रडत होता खरा, पण डोळा दुकानाच्या कुलपावर होता," अक्का म्हणाल्या. "आई, कोर्टात डोळा चालत नाही, पुरावा लागतो!" म्हणत सुजाता ताटावरून उठली. त्यानंतर मायलेकींचं बोलणं अण्णांमार्फत चालू लागलं.

अशातच एका दुपारी तिचा अण्णांना फोन आला. भागीदार पळाला होता, शहराबाहेर होसकोट्याला कुठल्याशा शेडमध्ये लपला होता आणि ती तिकडेच निघाली होती. मग तिचा फोन बंद. ठाण्यातून धड उत्तर मिळेना. अक्का घराबाहेर पडल्या त्या थेट माझ्या गाडीत येऊन बसल्या. अण्णा मागच्या सीटवरून "डावीकडनं घ्या, पुढे अडकाल" सांगत होते. अक्का एक अक्षर बोलेनात. मला भीती वाटली ती त्याचीच. ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. तेवढ्यात ठाण्यातून निरोप आला, सुजाता होसकोट्याच्या दवाखान्यात आहे. कशी आहे, ते कुणी सांगेना.

दवाखान्याच्या पायरीवर ती बसली होती, हाताला कोपरापर्यंत बँडेज. भागीदारानं शिंप्याच्याच कात्रीनं तिच्यावर वार केला होता. पण तो पकडला गेला, आणि दुकान एकट्याचं व्हावं म्हणून म्हाताऱ्याला मारल्याचं त्यानं कबूलही केलं होतं.

"भागीदारच आहे, म्हटलं नव्हतं मी?" अक्का गरजल्या.

"म्हटलं होतंस. पण पकडला मी."

"एकटी कशाला गेलीस?"

"शिपाई होते सोबत. झटापटीत फोन फुटला."

अक्का तिच्या शेजारी बसल्या. "दुखतंय?"

"स्वल्प, थोडंसंच," सुजाता म्हणाली आणि तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. नंतर कितीतरी वेळ त्या घरातलं कुणीच भांडलं नाही.

आता सुजाताची बदली कलबुर्गीला झालीय. अक्का रोज फोनवर तिच्याशी तावातावानं भांडतात. परवा मी जिना उतरत होतो. त्या फोन हातात धरून गॅलरीत उभ्या होत्या.

"काय हो, माझा आवाज फार चढला होता का आज?"

"नाही हो अक्का."

"मग तिला नीट ऐकू आलं नसेल," असं म्हणून त्यांनी पुन्हा फोन लावला.