जाऊबाईंच्या प्लेटा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना भांडता येत नाही. बावीस वर्षं मी त्यांच्यावर जळतेय. बाईंनी एकदा तरी कडाकडा भांडून माझा जीव थंड करावा, तर तेही नाही.

आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलात. मी वर बायकांच्या वॉर्डात नर्स, त्या तळमजल्यावर लॅबमध्ये. रोग्यांच्या पू-लघवीतले जंतू प्लेटवर वाढवायचे, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या आणि कुठल्या चकतीभोवती जंतू मेले ते पट्टीने मोजायचं, हे त्यांचं काम. जे औषध जंतूंवर चालत नाही, त्याच्या चकतीला ते अगदी खेटून वाढतात. एवढ्यासाठी डॉक्टर त्यांच्याशी फोनवर अदबीने बोलतात. मी दिवसभर रोग्यांची भांडी उचलते, ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. घरीही तेच. "थोरलीला विचार," हे सासूबाईंचं पालुपद. भाजी मी करायची आणि मीठ चाखायचं थोरलीने!

सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या माझ्याच वॉर्डात आल्या. म्हटलं, आता तरी कळेल. पाचव्या दिवशी टाक्यांतून पू यायला लागला. डॉक्टरांनी पुवाचा नमुना लॅबला पाठवायला सांगितलं. सासूबाई लगेच, "आधी थोरलीला बोलव बघू. तिला दाखव."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जखम अशी लख्ख करते की बाईंना बोट ठेवायला जागा नको! तपकिरी जंतुनाशकाने खसाखसा धुतली आणि मग कापसाची काडी फिरवून नमुना घेतला. आधी नमुना, मग जंतुनाशक, नाहीतर जंतू काडीवरच मरतात, हे काल लागलेल्या नर्सलाही ठाऊक असतं. आणि माझी नोकरी एकोणीस वर्षांची.

खालून फोन आला. "अगं, काडीचा कापूस तपकिरी दिसतोय. आधी जंतुनाशक लावलं होतंस का?"

"रक्त असेल," मी फटकन म्हणाले. "आता हेही मला शिकवा!"

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. प्लेटवर काहीच वाढलं नव्हतं. डॉक्टरांनी चालू इंजेक्शनच पुढे ठेवलं. मी तो कागद सासूबाईंना वाचून दाखवला. "बघा, जखम किती स्वच्छ ठेवलीय मी!" त्याच संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. सकाळी ताप एकशे तीन, आणि त्या मला ओळखेनात.

मी धावत खाली गेले. जाऊबाई एक प्लेट उजेडाला धरून बघत होत्या.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "जंतुनाशकाने धुतली होती. आई हातच्या जातील हो."

वाटलं, आता तरी कानाखाली वाजवतील. त्यांनी नवी काडी माझ्या हातात दिली. "नुसत्या सलाइनने धू, आतून नमुना घे. पळ."

डॉक्टरांनी जखम उघडून साफ केली, तरी ताप हटेना. दुसऱ्या नमुन्याची प्लेट मी स्वतः जाऊन पाहिली. आठ चकत्या. सातांना जंतू खेटलेले, चालू इंजेक्शनच्या चकतीलासुद्धा. एकीभोवती तेवढं स्वच्छ वर्तुळ. ते औषध सुरू झालं आणि चौथ्या दिवशी सासूबाईंनी डोळे नीट उघडून पेज मागितली.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा जाऊबाईही वर आल्या होत्या. "पहिल्या नमुन्यात काहीच कसं नाही आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काडीवर डाग दिसला होता मला," जाऊबाई म्हणाल्या. "तेव्हाच परत पाठवायला हवी होती. माझी चूक."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि माझा हात घट्ट धरला. "हिच्या भरवशावर राहिले असते तर गेलेच असते. तू होतीस म्हणून वाचले गं बाई."

हे ऐकायला माझे कान बावीस वर्षं आसुसले होते. एका शब्दात खरं सांगता आलं असतं. मी सासूबाईंची उशी सारखी केली.

त्याला आता सहा महिने झाले. सासूबाई थोरलीच्या हातून पाणीसुद्धा घेत नाहीत. जाऊबाई हसून भांडं माझ्याकडे देतात. हे मला सात जन्मांत जमलं नसतं. म्हणून त्यांचा पूर्वीपेक्षा जास्तच राग येतो, आणि मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.