उडत्या माणसाचा दुसरा भाग

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूरच्या एका दैनिकात मुद्रितं तपासायचे. सिनेमावर लिहिणाऱ्या गृहस्थांना कावीळ झाली आणि संपादकांनी मला बोलावलं.

"त्या उडणाऱ्या माणसाचा दुसरा भाग बर्डीवरच्या टॉकीजला लागलाय. उद्या पाहून या. जमेच्या बाजू लिहा, उणिवा लिहा. पहिल्यापेक्षा बरा की वाईट, तेही सांगा."

"मी पहिला पाहिलेला नाही."

"मग पाहिलेल्या कुणाला तरी विचारा," म्हणून ते अग्रलेखाकडे वळले.

पाहिलेलं माणूस माझ्याच खोलीवर होतं. माझी मावशी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा जाड चष्मा घ्यायला ती काटोलकडच्या गावाहून आली होती. आई गेल्यावर मॅट्रिकपर्यंत तिनंच मला वाढवलं. संत्र्याची बाग ती एकटी पाहायची, त्यामुळे नागपूरला यायला तिला सवड नसे. मला गावी न जायला काही कारण नव्हतं, तरी दोन वर्षं मी गेले नव्हते. पहिला भाग तिनं जत्रेतल्या तंबूत, हिंदीत, लागोपाठ दोन दिवस पाहिला होता.

"डॉक्टरनं दूरचं पाहाले सांगितलंच आहे," ती म्हणाली आणि दुपारच्या खेळाला माझ्यासोबत निघाली.

मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून ठेवली होती. डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे उणिवा. पहिली पंधरा मिनिटं दोन्हीकडे कोरी गेली. मग खलनायक पडद्यावर आला आणि मावशी नीट सरसावून बसली.

"हा तर मागच्यात मेला होता. याले कोणी उठवलं?"

मी उजवीकडे लिहिलं.

खलनायकानं शहरातली सगळी घड्याळं बंद पाडली. लोक घाबरून रस्त्यावर आले. नायक मात्र एका उंच इमारतीच्या गच्चीवर जाऊन बसला. लोकांना आपली खरंच गरज आहे का, असा त्याला प्रश्न पडला होता. तो बराच वेळ बसून राहिला. खाली एक बस पुलावरून लोंबकळत होती.

"मागच्यात हा काम करे," मावशी मला म्हणाली, "यात नुसता विचार करून राहिला."

बस आणखी खाली घसरली. नायकानं उसासा टाकला. मावशी खुर्चीतून अर्धी उठली आणि बागेतल्या गड्याला हाक मारावी तशा आवाजात ओरडली, "ऊठ ना गा!"

पुढच्या दोन रांगा वळून पाहू लागल्या. मी वहीत तोंड घातलं. नेमका त्याच वेळी नायक उठला. अख्ख्या थिएटरनं टाळ्या वाजवल्या, आणि त्या पडद्यासाठी नव्हत्या.

शेवटच्या मारामारीत त्याच्या खांद्यातून रक्त आलं. तेव्हा मावशीनं माझं मनगट धरलं आणि ते सिनेमा संपल्यावरही सोडलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "हे चांगलं केलं. मागच्यात त्याले काही होतच नव्हतं, तं कायची भीती वाटन?" हे मी डावीकडे लिहिलं. मोकळ्या हातानं.

आम्ही रिक्षानं निघालो. खोलीजवळ आल्यावर म्हणाली, "त्याची माय कुठं गेली वं? मागच्यात होती. यात कोणी तिचं नाव बी नाही काढलं."

"कथेत गरज नसेल."

"हो. मोठा झाला ना तो."

मी उतरून रिक्षावाल्याशी उगाचच काहीतरी बोलत राहिले. मग वर जाऊन परीक्षण लिहायला बसले. शेवटचं वाक्य नायकाच्या हरवलेल्या आईचं ठेवलं.

रविवारी परीक्षण छापून आलं. खाली प्रेशर कुकरची जाहिरात आली होती आणि तिच्यासाठी नेमकं शेवटचं वाक्य कापलं गेलं होतं. मावशीला वाचता येत नव्हतं. मी तिला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि ते वाक्यही म्हटलं, जणू ते तिथेच होतं.

"बरोबर लिहिलं," ती म्हणाली. "दे तो कागद. गावच्या मास्तरले सगळ्यायपुढं वाचाले लावीन."

मी कात्री शोधायला बराच वेळ लावला. शेवटी म्हणाले, "मावशी, ते आईचं वाक्य छापलेलं नाही."

"मले माहीत आहे."

"कसं?"

"बाकीचं तू कागदावर पाहून वाचलं. ते माह्याकडे पाहून म्हटलं."

नवा चष्मा चांगला लागला होता.

"काहून कापलं वं?"

"जागा नव्हती."

"बाजूले आहे ना एवढी," तिनं समासावर बोट ठेवलं. "लिही तिथं. ठळक लिही, मास्तरचे डोळे कमजोर आहेत."

मी लिहिलं. कात्रणाची घडी घालून ती दुपारच्या एसटीनं गेली. कावीळवाले गृहस्थ पंधरा दिवसांनी कामावर आले आणि मी पुन्हा मुद्रितांकडे गेले.

पुढच्या महिन्यात मी न कळवता गावी पोचले. बागेत तोडणी चालू होती. मावशीनं वर पाहिलं.

"काहून आली वं?"

"सुट्टी होती."

"बरं," ती म्हणाली. "टोपली घे."