आत्याबाई आणि चंद्रावरची धूळ

लग्न होऊन मी सक्करदऱ्याच्या घरी आले त्या दिवशी, माप ओलांडून पाच मिनिटं झाली नसतील, तर सासूबाईंनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "सुनबाई, तू मॅट्रिक झालेली आहेस. खरं सांगजो. चंद्रावर धूळ असन का दगड?"

माझ्या वर्ध्याच्या मावशीनं मला सगळं पढवून पाठवलं होतं. सासू पुरणाचं विचारेल, पाटवड्यांचं विचारेल, शिवणाचं विचारेल. चंद्राचं तिनं काही सांगितलं नव्हतं. मी घाबरून तोंडाला आलं ते म्हणून टाकलं, "दगड." त्यांचा चेहरा असा उजळला, की आजही डोळ्यांपुढे आहे. तशाच त्या बाहेर गेल्या आणि पाहुण्यांनी भरलेल्या ओसरीवर सासऱ्यांना म्हणाल्या, "आयकलं का? सूनबी दगडच म्हणते." त्या घरात मी कोणत्या पक्षाची हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत, सासऱ्यांना मामंजी. साल पासष्ट. माणूस अजून चंद्रावर गेला नव्हता. रशियाची आणि अमेरिकेची चढाओढ चालू होती ती एवढ्यासाठी, की आपलं एखादं यंत्र तरी तिथे न फुटता अलगद उतरावं. त्यात मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणत, चंद्रावर धुळीचा एवढा जाड थर आहे की यान उतरलं तरी गडप होईल. मामंजी रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले, इंग्रजी पेपर वाचणारे. ते धुळीच्या पक्षाचे. "पिठाच्या डब्यात लिंबू पडावं तसं जाईल," असं ते एकदा म्हणाले, आणि आत्याबाईंनी लगेच ज्वारीच्या पिठाचा डबा ओसरीवर आणून वरून लिंबू सोडलं. लिंबू बुडालं. मामंजी हसले. आत्याबाईंनी लिंबू काढलं, डबा उचलून जमिनीवर चांगला आठ-दहा वेळा आपटला, पीठ घट्ट बसवलं आणि पुन्हा लिंबू सोडलं. ते वरच राहिलं. "इतक्या वर्सांची धूळ काय ढिली राहीन?" त्या म्हणाल्या. मामंजींनी पेपर तोंडापुढे धरला.

आत्याबाईंचं दुसरं एक म्हणणं होतं. अंगणातल्या विहिरीत बादली सोडताना त्या दोर कधी एकदम सोडत नसत. धरून, थांबून, धरून सोडत. म्हणायच्या, "जाणं सोपं असते वं, टेकणं कठीण." हे यानाबद्दल असायचं. पण एकदा दुपारी मला माहेरची आठवण येऊन मी चुलीपुढे रडत बसले होते, तेव्हाही त्या हेच म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, "रडून घे. हळूहळू टेक. आमाले घाई नाही." तोवर मी त्यांना थोडी भीत होते. त्या दुपारनंतर भीती गेली.

चौथी शिकलेल्या, सगळे उपासतापास करणाऱ्या या बाईला चंद्राचं एवढं वेड कुठून, हे मला कळेना. एके दिवशी तांदूळ निवडताना मी विचारलंच. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "तुह्या मामंजीची नोकरी सारी जंगलातल्या टेसनांवर. रात्रपाळी त्यायची, मी एकटी क्वार्टरात. चार कोसांत बोलाले बाई नाही. मंग मी पायरीवर बसून त्याच्यासंगंच बोलत होती. सासूचं गाऱ्हाणं त्याले सांगो, माह्या गेलेल्या लेकीचं त्यालेच सांगो. ज्याच्यासंगं इतके वर्स बोलली, त्याचं घर कसं आहे हे पाहावं वाटणार नाही का मले?"

त्यांना एक मुलगी झाली होती आणि ती तीन वर्षांची होऊन गेली, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या नवऱ्यालाही ते धड माहीत नव्हतं.

या वेडात त्यांना भागीदार होते ते करीमचाचा. कामठीचे विणकर. घरच्या मागावरच्या साड्यांचं गाठोडं सायकलला बांधून ते पंधरा दिवसांतून एकदा आमच्याकडे यायचे. गाठोडं सोडायच्या आधी बातमी सोडायचे. त्यांच्या मोहल्ल्यात उर्दू पेपर मोठ्यानं वाचला जाई, आमच्याकडे रेडिओ होता. दोघं आपापलं काय काय ऐकलं ते ताडून पाहत. "भाभीजी, फिर छोड़ा है. इस बार तो बैठेगाच." मग आत्याबाई चहा टाकायच्या आणि साड्या तशाच गाठोड्यात राहायच्या. मामंजी आतून विचारत, "काय हो करीमभाई, धंदा करता की आकाशवाणी?" चाचा म्हणत, "साहब, धंदा तो रोज है."

पण त्या वर्षी यान बसेना. दसऱ्याच्या सुमाराला रशियाचं एक गेलं ते आपटून फुटलं. थंडीत पुन्हा एक गेलं, तेही फुटलं. रेडिओवर ती बातमी दोन वाक्यांत सांगितली आणि लगेच गाणी लागली. आत्याबाईंनी रेडिओ बंद केला. त्या रागावल्या नाहीत. फक्त त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

मीठ दोनदा पडायचं कारण वेगळंही होतं. त्यांना दिसत नव्हतं. डावा डोळा काही वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये गेलेला. आता उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर सांगत होते, उशीर करू नका. आणि आत्याबाई म्हणत होत्या, "यान उतरू द्या. मंग पाहू." मला आधी ती त्यांची हौस वाटली. पण एकदा त्या भिंत चाचपत मोरीकडे जाताना मला दिसल्या, आणि मी येते आहे असं कळताच त्यांनी हात भिंतीवरून काढून घेतला. तेव्हा लक्षात आलं, की चंद्राचा निव्वळ बहाणा आहे. बाई घाबरली आहे. एक डोळा गेलेला. हाही गेला तर?

मामंजींनी समजावलं, रागावले, दोन दिवस जेवले नाहीत. माझ्या नवऱ्यानं शपथ घातली. कशाचा उपयोग झाला नाही. संक्रांतीच्या आधी करीमचाचा आले. आत्याबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला तो बशीच्या बाहेर. चहा सांडला. चाचांनी तो आपल्या उपरण्यानं पुसून घेतला. मग म्हणाले, "भाभीजी, वो रूसवाले इतनी बार गिरे. सारी दुनिया हँसी. फिर भी भेज रहे हैं ना? और आप एक बार में बैठ गईं?"

एवढं स्पष्ट त्यांच्याशी घरात कुणी बोललेलं नव्हतं. आत्याबाईंनी पदर सारखा केला. "हळदीकुंकू होऊ द्या," त्या म्हणाल्या, "मंग जाऊ दवाखान्यात."

ते माझं पहिलं हळदीकुंकू. आळीतल्या बायकांनी घर भरलेलं, आणि सगळ्या माझ्यामागे लागल्या, नाव घे, नाव घे. महादेवाच्या पिंडीचा जुना उखाणा मी सुरू करणार, तोच आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "तो नको वं. नवा घे. चंद्राचा घे." मी जरा विचार केला आणि म्हटलं,

"चंद्रावर उतरणार यान, धूळ असो की खडक,
दिनकररावांचं नाव घेते, सासूबाई माझ्या कडक."

बायका हसून हसून लोळल्या. आत्याबाई सर्वांत जास्त हसल्या. त्यांना धड दिसत नव्हतं, तरी तिळगुळाची वाटी घेऊन त्या बरोबर माझ्यापर्यंत आल्या.

मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या वॉर्डात ऑपरेशन झालं. तेव्हाची तऱ्हा आजच्यासारखी नव्हती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि उताणं पडून राहायचं. मान वळवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. सिस्टरनं बजावलं, "आजी, रडायचं पण नाही. टाका सुटला तर डोळा गेला." मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होते. आणि नेमकी त्याच आठवड्यात बातमी आली, की रशियानं पुन्हा यान सोडलं आहे.

मामंजी म्हणाले, हिला सांगू नका. पण वॉर्डातली एक बाई पेपर वाचून मोठ्यानं बोललीच. आत्याबाई ओठ न हलवता म्हणाल्या, "मले ऐकू येते." मग दोन दिवस त्या फक्त एवढंच विचारायच्या, "निघालं?" "कुठंवर आलं?" संध्याकाळी खिडकीत चंद्र आला, पुनवेला थोडासा कमी. "दिसते का वं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिसतो. "कसा आहे?" मी म्हटलं, "चांगला आहे. वाट पाहून राहिला." माझ्या तोंडून त्यांची बोली प्रथमच निघाली. त्यांनी माझा हात दाबला.

सकाळी मी पेज घेऊन बसले होते. मामंजी बाहेरच्या चहावाल्याच्या रेडिओवर बातम्या ऐकायला गेले होते. ते आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. धापा टाकत ते खाटेजवळ आले, तोंड उघडलं आणि थबकले. एकदम सांगितलं आणि त्या दचकल्या तर? हसल्या तर? ते तसेच उभे राहिले, श्वास खाली बसू दिला, आणि आयुष्यभर स्टेशनवर ज्या थंड आवाजात ते बोलत आले होते, त्या आवाजात म्हणाले, "गाडी फलाटाला लागली."

आत्याबाईंनी विचारलं, "धक्का नाही ना बसला?"

"नाही. सुखरूप."

"बुडाली नाही?"

"नाही. जमीन टणक आहे म्हणतात." मग म्हणाले, "तू जिंकली."

त्यांना हसता येत नव्हतं, रडता येत नव्हतं, मान हलवता येत नव्हती. मी पाहिलं, पांघरुणाबाहेर आलेल्या त्यांच्या पायांची बोटं हलत होती. दहाच्या दहा बोटं. मामंजींनी पांघरूण नीट केलं आणि हात तिथेच पायांवर ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. धूळपक्षाचा एवढा आनंदी पराभव मी दुसरा पाहिला नाही.

दोन दिवसांनी पेपरात चंद्राच्या जमिनीचा फोटो आला. तिथे उभं राहून काढलेला जगातला पहिला. मामंजींनी तो पेपर कुणाला हात लावू दिला नाही. पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरांनी दवाखान्यातला जाड भिंगाचा चष्मा आत्याबाईंच्या नाकावर ठेवला आणि बोटं वर करून विचारलं, "किती?"

"तीन," आत्याबाई म्हणाल्या. "आता हात खाली करा अन् मले पेपर द्या."

मामंजींनी पेपर पुढे धरला. काळपट फोटो, उंचसखल जमीन, गोटे, गोट्यांच्या लांब सावल्या. झाड नाही, माणूस नाही. त्या पाहत राहिल्या. मला वाटलं, इतक्या वर्षांचं मनातलं चित्र मोडलं असणार. मामंजींनाही तेच वाटलं असावं. ते म्हणाले, "तसं काही खास नाही."

"घर साधंच हाय वं त्याचं," आत्याबाई मला म्हणाल्या. आणि मग मामंजींकडे पाहून, त्या चष्म्यातून खूप मोठ्या दिसणाऱ्या डोळ्यानं पाहून म्हणाल्या, "तुमी किती बारीक झाले वो."

पुढे माणूस चंद्रावर उतरला तेव्हा आमच्या रेडिओभोवती सगळी आळी जमली होती. आत्याबाईंनी सर्वांना चहा केला, पण पहिल्यासारखी तगमग नव्हती. "मानूस काय, हिंमत करते," त्या म्हणाल्या. "ते पयलं यान बिचारं एकलं गेलं होतं."

शिवाय त्यांना तोवर दुसरं काम लागलं होतं. हुडकेश्वर तेव्हा खेडंच; तिथून आमच्याकडे दूध घालणाऱ्या यमुनाबाईला मोतीबिंदू झाला आणि ती डॉक्टरच्या नावानं कापायला लागली. आत्याबाई तिला हाताला धरून घेऊन गेल्या आणि वॉर्डात तिच्या खाटेशी बसल्या. मग करीमचाचांची बायको आली. मग कुणाची सासू, कुणाची नणंद. "मले भेव वाटत होतं, मीबी गेली नाही का?" असं त्या प्रत्येकीला सांगत. डब्यात पेज घेऊन त्या बसनं जात, आणि संध्याकाळी थकून, समाधानानं परत येत. आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही, अशा किती बायका झाल्या.

आत्याबाई गेल्या त्या झोपेतच, एकोणऐंशीच्या हिवाळ्यात. तेरवीला आम्ही घरच्या आणि आळीच्या लोकांचा स्वयंपाक केला होता. दुपारी मी ओसरीवर आले तर फाटकातून बायका येत होत्या. हुडकेश्वरच्या, कामठीच्या, काही तर मी कधी न पाहिलेल्या. म्हाताऱ्या, नऊवारीतल्या, दोघीतिघी बुरख्यातल्या, हाताला धरून एकमेकींना आणणाऱ्या. आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर जाड भिंगांचे चष्मे. मामंजी दाराशी उभे होते. ते एकेकीला नमस्कार करत राहिले.

दोनदा भात टाकावा लागला. मी खीर वाढत यमुनाबाईपर्यंत आले. तिनं पानावर हात आडवा धरला नाही, माझाच हात धरला.

"बाई, माहा दुसरा डोया पिकला. डाक्टर म्हनते, या महिन्यात करून घे. आता संगं कोन येईन वं?"

मी खिरीचं भांडं खाली ठेवलं. "मी येईन," मी म्हटलं.

तिनं चष्म्यातून मला नीट न्याहाळलं. "तुले जमन?"

"पेज करता येते मला," मी म्हटलं, आणि तिच्या पानात खीर वाढली.